गार घाम

बानाबाईच्या उजव्या हाताला डोळे आहेत, असं पाचोडच्या बाजारात म्हणतात. मेंढीच्या शेवटच्या बरगडीमागं, कण्यावर, ती अंगठा आणि दोन बोटं टेकवते, स्वतःचे डोळे मिटते आणि सांगते. ही उपाशी. ही भरलेली. हिच्या पोटात दोन हायेत, हिला कळपामागं ओढू नका. बोटाखाली हाड टोचलं तर जनावर खंगलेलं, हाड मुळीच लागलं नाही तर जनावर माजलेलं. आणि जाड गोधडीतली शिवण लागावी तसं हळूच लागलं, तर जनावर बेतात. हात फिरवताना ती स्वतःशीच गुणगुणत असते,

हाताला लागंना हाड, मेंढी सुखाची भरली
कुण्या मालकाच्या रानी, कवळी लवाळी चरली

तो हात माणसांनाही चुकत नाही. रत्नमाला लग्न होऊन आली त्या दिवशी, माप ओलांडून पाऊल आत पडतंय न पडतंय तोच सासूचा हात पाठीवरून फिरला. बानाबाई सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "पोरीची हाडं लागत्यात. हिला दूध पाजा आधी, नाव मागून घ्यायला लावा."

त्याला आता बावीस वर्षं झाली.

पुढं तिच्या नवऱ्याला, बिभीषणाला, वाळूजच्या एका कारखान्यात काम लागलं आणि दोघं बजाजनगरला दोन खोल्यांत राहायला आली. रत्नमालानं खानावळ काढली. बिहारची, नांदेडची, परभणीची एकटी राहणारी पोरं, रोजचे चाळीस डबे. पहाटे कणकेचं घमेलं, दुपारी भाजीची पातेली, संध्याकाळी पुन्हा तेच. चव बघता बघता पोट भरायचं आणि जेवायला बसायची वेळ कधी यायचीच नाही. मग अंग हळूहळू वाढत गेलं, नदीला पाणी चढावं तसं, एकेक पायरी बुडवत. अकरा वर्षांपूर्वी साखर निघाली. गोळ्या झाल्या, मग सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. सुईनं साखर थोडी दबायची आणि वजन आणखी वाढायचं. वजन वाढलं की सुई वाढायची. एकशे अठरा किलोवर काटा थांबला तेव्हा रत्नमालाच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागली.

त्या घरात हे कुणाला नवं नव्हतं. बानाबाईचा नवरा सखाराम याच साखरेनं गेला. आधी बोटं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. शेळ्यामेंढ्यांमागं उभा महाराष्ट्र पालथा घातलेला माणूस, शेवटची दोन वर्षं बाजेवरून कळपाच्या घंटा ऐकत पडून होता.

म्हणून रत्नमालाला भीती मरणाची नव्हती. पायांची होती. तिचा जन्मच मुळी गंगापूरकडं, एका कापसाच्या रानात, मेंढरं बसवलेली असताना झालेला. आई सांगायची, दुसऱ्या दिवशी तळ हलला तेव्हा पाठीवर तू आणि पुढं कोकरं. चालणं तिला बोलण्याच्या आधी आलं होतं. दिवाळी सरली की अजूनही घरचा कळप चाऱ्यासाठी लांब निघतो. सत्तरीची बानाबाई पहिली मजल त्याच्याबरोबर चालत जाते, रात्र तळावर काढते आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं माघारी येते. आणि तरणी सून वेशीपर्यंतसुद्धा पोचत नाही, गावच्या घराच्या दारातल्या खाटेवर बसून हात हलवते. एकदा, फक्त एकदा, ती मजल आपल्या पायांनी चालावी, एवढंच तिचं मागणं होतं. करंगळी गेल्यावर तेही तिनं मनातल्या मनात गुंडाळून ठेवलं होतं.

शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पोटाच्या शस्त्रक्रियेचं सांगितलं तेव्हा बानाबाई पाचोडहून पहिल्या गाडीनं आली. ती शस्त्रक्रिया थांबवायला आली होती.

"पोट कापल्यानं भूक मरती व्हय?" तिनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. "हिला कमी खाया सांगा. मी बघते कशी खाती ती."

रत्नमालानं मान खाली घातली. हे वाक्य तिनं अकरा वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलं होतं की आता ते लागतही नव्हतं, नुसतं आत जाऊन बसायचं.

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून बानाबाईसमोर आणली. "आजी, ह्या कमी खात नाहीत असं नाही. वर्षभर मी यांचं पथ्य बघतेय. पण शरीर एकदा वाढलं की ते वजन धरून ठेवतं. भूक वाढवतं, खर्च कमी करतं. ह्यात यांचा आळस नाही, यांचा दोष नाही."

रत्नमालाच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, ते पदरानं टिपेपर्यंत हातावर ओघळलं. अकरा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

मॅडमनी कागदावर पोट काढलं. जठराचा अंड्याएवढा भाग वर वेगळा करायचा आणि आतडं खालून आणून त्याला जोडायचं. अन्न पहिला टप्पा टाळून एकदम पुढं उतरतं. तिथून आतडं शरीराला वेगळे निरोप धाडतं. भूक कमी होते, इन्सुलिन नीट काम करायला लागतं. "आणि सगळी चरबी सारखी नसते, आजी. कातडीखालची एक. यकृतावर, आतड्यांभोवती साठते ती दुसरी. साखरेला बिघडवते ती ही आतली. ती सगळ्यात आधी उतरते. म्हणून वजन दिसायला कमी होण्याआधीच, कधीकधी आठ-पंधरा दिवसांतच, साखर खाली येते."

बिभीषण मान डोलवत होता. मान डोलवणं आणि पटणं यातलं अंतर पुढं कळणार होतं.

बानाबाई मात्र कागदाकडं टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "दावणीचा एडका."

"काय?"

"एडका म्हंजी मेंढा. नवसाचा सहा महिने दावणीला बांधत्यात. मका चारत्यात, चालू देत न्हाईत. वरनं झ्याक दिसतो. कापला की काळीज पिवळं, गुरद्यावर चरबीचे गोळे. चालता येत न्हाई, नुसता धापा टाकतो." तिनं सुनेकडं बघितलं. त्या बघण्यात पहिल्यांदाच दटावणी नव्हती. "आमी तुला दावणीला बांधलं व्हय गं? चुलीच्या दावणीला?"

शस्त्रक्रियेच्या कागदावर बिभीषणानं सही केली. बानाबाईनं अंगठा करायला हात पुढं केला. तिचा अंगठा लागत नाही म्हणून सांगितलं तरी, "लावून घ्या, माझीबी जबाबदारी हाय," म्हणत तिनं तो कोपऱ्यात उठवलाच.

सगळं नीट पार पडलं. दिवाळीच्या पणत्या दवाखान्याच्या खिडकीतून दिसल्या तेवढ्याच. घरी सोडताना सुलेखा सिस्टरनी चारचारदा बजावलं. दर दोन तासांनी थोडं थोडं पातळ. सकाळ-संध्याकाळ बोटाचं रक्त मशीनवर. इन्सुलिन आता जुन्या हिशोबानं नाही, एकशे चाळीसच्या वर असेल तरच सकाळी आठ युनिट. खाली असेल तर इन्सुलिनच्या पेनला हात लावायचा नाही, मला फोन करायचा. आणि ग्लुकोजची पावडर कायम जवळ.

खानावळ शेजारच्या दीपमालानं सांभाळली. पहिले पंधरा दिवस सुरळीत गेले. एकशे ऐंशी, एकशे सत्तर, एकशे साठ. सकाळी आठ युनिट. वाटीभर मूगडाळीचं पाणी संपवायला रत्नमालाला अर्धा तास लागायचा आणि नंतर तिला ढेकर आल्यासारखं शांत वाटायचं. भूक लागलेली नाही, ही गोष्ट तिला इतकी अनोळखी होती की सुरुवातीला ती घाबरली.

मग तो रविवार आला. दिवाळीनंतरचा दुसरा. त्या दिवशी गावच्या माळावर बिरोबाला भंडारा उधळतात, ढोल वाजवतात आणि कळप वाटेला लागतो. रत्नमालाच्या शस्त्रक्रियेला अठरा दिवस झाले होते. मॅडमनी बसून प्रवास करायला हरकत नाही म्हटलं होतं. ओळखीच्याची गाडी सांगितली. सकाळी निघण्याआधी बिभीषणानं बोट टोचलं.

मशीनवर आकडा आला. शहाऐंशी.

बिभीषणानं मशीन हलवलं. पट्टी बदलली, पुन्हा टोचलं. चौऱ्याऐंशी.

"बिघडलं," तो म्हणाला.

"सिस्टर म्हणल्या व्हत्या ना, साखर उतरंल म्हणून," रत्नमाला म्हणाली.

"उतरंल. पर शंभराच्या खाली? अकरा वर्षांत दीडशेच्या खाली आली न्हाई तुझी. वजन किती उतरलं तुझं? सहा किलो. एकशे बाराच्या बाईची साखर पोरासोरासारखी व्हती व्हय?" मग त्याला युक्ती सुचली. त्यानं स्वतःचं बोट टोचलं. एक्याण्णव. "ही बघ! माझीबी तेवढीच दाखवतंय. म्हंजी समद्यांची सारखीच दाखवतंय. बिघडलंच हाय ते."

ऐकायला किती बरोबर वाटलं ते. रत्नमालाला हसू आलं, पण शंका नाही आली. अकरा वर्षांचा पाहुणा न सांगता उठून गेला, हे तिलाही खरं वाटेना. रोज अंगणात बसलेलं दुःख एका सकाळी दिसलं नाही, तर माणूस आधी डोळे चोळतो.

"सिस्टरला फोन लावावा का?"

"रविवारचं कशाला तरास? आज परसादाचं थोडं तोंडात जाईलच तुझ्या. गावात साखर वाढली तर कुटं पळू मी?" आणि त्यानं काळजीपोटी, निव्वळ काळजीपोटी, पेनचा काटा आठवर न ठेवता जुन्या सकाळच्या आकड्यावर फिरवून सुई टोचली. चोवीस.

वाटेत रत्नमालानं दोन घोट ताक घेतलं. बाकी काही जाईना.

माळावर ऊन चढलं होतं. देवाच्या ठाण्याभोवती दगडांचा गोल, मधे शेंदूर फासलेला बिरोबा, वर लिंबाचा झुपका. पुजारी मल्हारराव, म्हणजे सखारामाचा धाकटा भाऊ, सगळ्यांचा नाना. पांढरं मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी. ढोलवाल्यांनी फेर धरला. कळप खालच्या अंगाला खळाळत होता, घंटांचा आवाज ढोलाच्या पोटात मिसळून येत होता. गाडीवाला पाचोडला चाकात हवा भरायला गेला. गाडीत रत्नमालाची पिशवी राहिली आणि पिशवीत ग्लुकोजचा पुडा.

तिला घोंगडीवर बसवलं होतं. आधी वाटलं, ढोल लांब गेला. मग वाटलं, हात आपले नाहीत. छातीत कोकरू उड्या मारावं तशी धडधड. कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून घामाच्या धारा लागल्या आणि अंग थरथरायला लागलं, आधी बोटं, मग खांदे, मग सगळीच.

"आलं! अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं.

ढोल दुप्पट झाला. मल्हाररावानं मूठभर भंडारा तिच्या कपाळावर फासला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" बायका पुढं सरकल्या, वाकल्या. चोवीस वर्षं या माळावर कुणाच्या अंगात आलं नव्हतं. आणि आलं ते शहरातल्या सुनेच्या.

"बोल, देवा," मल्हारराव हात जोडून म्हणाला, "औंदा कळप कोणच्या वाटंनं न्यावा?"

रत्नमालाची जीभ जड झाली होती. तिला एकच शब्द सापडला. "पाणी..."

"पाणी म्हणतोय! गोदाकाठानं जा म्हणतोय!" नाना वळून सगळ्यांना सांगता झाला. "गेल्या साली वरच्या वाटंनं गेलो, चुकलंच आपलं!"

बिभीषण गर्दी सारून पुढं आला. ज्या बायकोवर सकाळीच मशीनवरून आवाज चढवला होता, तिच्यासमोर तो गुडघे टेकून बसला. डोळे भरून आले होते. हात जोडून, अगदी लहान पोरासारखं त्यानं विचारलं,

"देवा, हिची साखर कवा जाईल?"

आणि त्याच वेळी ती जात होती. मुठीतून रेती जावी तशी, शेवटचे कण.

बानाबाई खालून येत होती. एका मेंढीच्या पायात काटा मोडला होता, तो काढून ती नैवेद्याच्या ताटाकडं निघाली होती. गलका ऐकून तिनंही आधी हात जोडले. बाई देवभोळीच ती. पाया पडायला वाकली आणि वाकताना सवयीनं उजवा हात सुनेच्या मानेवरून पाठीवर उतरला.

हात थांबला.

"ढोल बंद करा."

कुणी ऐकलं नाही.

"ढोल बंद करा म्हणते ना, मुडद्यांनो!"

ढोल थांबला. घंटा तेवढ्या वाजत राहिल्या.

"वैनी, देव आलाय," मल्हारराव म्हणाला.

"देव आला की अंग तापतं, भावजी. तुमच्या बापाच्या अंगात यायचा तवा भाकरी भाजंल असं अंग व्हायचं, म्या हात लावून बघितलंय. ही गार हाय. गार घाम हाय हा." तिनं सुनेची पापणी वर केली, गालावर हलकी चापट मारली. "रतन! रत्ने! बघ माझ्याकडं." रत्नमालाची नजर तिच्यावरून निसटून कुठंतरी गेली. "पोटात दोन असलेली मेंढी शेवटच्या महिन्यात अशीच पडती. खाल्लेलं पुरत न्हाई, अंगातला जोर संपतो, घाम फुटतो, डोकं फिरवती. हिच्यात जोर न्हाई उरला. गूळ! गूळ आणा!"

गूळ एकाच ठिकाणी होता. नैवेद्याच्या ताटात, पुरणपोळीच्या शेजारी, देवाला अजून न दाखवलेला.

बानाबाईनं ताटातला खडा उचलला.

"वैनी! नैवेद्य उष्टा व्हईल!" मल्हारराव आडवा आला. "देवाच्या आधी..."

"देव दम धरंल, भावजी. हिला दम न्हाई. सरका."

नाना सरकला. तांब्यातल्या पाण्यात तिनं गूळ तळहातानं कुस्करला, सुनेला कुशीवर कलती केलं. बिभीषण तिचं तोंड वर करून पाणी ओतायला निघाला तर त्याच्या हातावर फटका मारला. "वरनं ओतू नको, छातीत जाईल. मेंढीला कसं पाजतो इसरला व्हय शहरात जाऊन?" बोटाला घट्ट गुळवणी लावून ती सुनेच्या गालफडात आतून चोळायला लागली. एकदा, दोनदा, दहादा. ओठांत थेंब थेंब. माळावरची सगळी माणसं श्वास धरून त्या एका बोटाकडं बघत होती. बानाबाईच्या ओठांत काहीतरी चाललं होतं. देवाचं नाव होतं की मेंढीचं गाणं, जवळच्यांनाही कळलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रत्नमालानं गिळलं. मग स्वतः बोट चोखलं, कोकरानं चोखावं तसं. आणि डोळे उघडून सासूला म्हणाली, "आत्या... गोड लागतंय."

बानाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

तोवर गाडी आली. पाचोडच्या दवाखान्यात सलाइनमधून ग्लुकोज लावलं. त्याआधी तिथल्या मशीनवर रक्त तपासलं तेव्हा, एवढा गूळ पोटात गेल्यावरही, आकडा अठ्ठावन्न होता. डॉक्टर म्हणाले, माळावर तो तिशीत असणार. अजून अर्धा तास ढोल वाजला असता तर... बाहेर पायरीवर बसून त्यानं सुलेखा सिस्टरना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मशीनचं, स्वतःच्या बोटाचं, चोवीस युनिटचं.

सिस्टरनी आधी एकच विचारलं.

"दादा, तुमची एक्याण्णव आली ना? तुम्हाला साखर आहे का?"

"न्हाई, ताई."

"मग ती बरोबरच आली. आणि वहिनींची पण बरोबरच आली. मशीन चांगलं आहे." सिस्टरचा आवाज रागावलेला होता, पण मधेच त्या थांबल्या आणि मऊ झाल्या. "अहो, साखर उतरलीये त्यांची. ह्याचीच तर आपण वाट बघत होतो. पेन बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी त्यांना घेऊन या."

बिभीषण तसाच आत गेला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं आधी बायकोचे पाय धरले, उजवा पूर्ण आणि डावा चार बोटांचा.

"आवं, काय हे. लोक बघत्यात."

"बघू दे. सकाळी देव म्हणून धरणार व्हतो. आता माणूस म्हणून धरतो."

"जित्ती ऱ्हायले म्हणून बोलते," रत्नमाला म्हणाली, "देवाला इचारलंत तवा मला सगळं ऐकू येत व्हतं. मनात आलं, मशीनवर इस्वास न्हाई आणि माझ्या बोलण्यावर बरा बसला तुमचा."

खाटेच्या पलीकडून बानाबाईचं हसू फुटलं, डोळे पुसता पुसता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी इन्सुलिन पूर्ण थांबवलं. बिभीषणाला त्यांनी जे सुनवायचं ते सुनवलं, आणि त्यानं ते उभं राहून ऐकून घेतलं. मग रोज बोट टोचणं चालू राहिलं आणि रोज आकडा खालीच राहिला. शंभर, एकशे आठ, पंच्याण्णव. वजन मागून सावकाश उतरलं. मॅडमनी रत्नमालाला हेही सांगून ठेवलं की जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, तपासण्या टाळायच्या नाहीत, आणि साखर कुणाकुणाची वर्षांनी परतही येते. "आली तर आली," रत्नमाला म्हणाली. "आली तर तुमच्याकडं येईन. पर जेवढी वर्षं ती बाहेर राहील, तेवढी माझी."

खानावळीत तिनं एक बदल केला. दुपारी साडेबाराला, डबे गेल्यावर, ती पाटावर बसून जेवते. वाटीभर, सावकाश, दार लावून. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या जेवणाला वेळ आहे. परभणीचा एक पोरगा म्हणाला, "काकू, तुमी अर्ध्या झाल्या," तर ती म्हणाली, "अर्धी न्हाई रे. व्हते तेवढीच हाय. बाकीचं ओझं उतरून ठेवलंय."

पुढच्या दिवाळीनंतरच्या रविवारी ती माळावर गेली तेव्हा काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. तिनं नैवेद्याच्या ताटात गुळाची अख्खी ढेप ठेवली, देवाची वर्षभर राहून गेलेली. मल्हाररावानं ती दाखवली आणि घसा साफ केला. "रतन, एक सांगू? गेल्या साली गोदाकाठानं गेलो, देवाच्या बोलण्यावरनं. चारा बक्कळ. एक कोकरू दगावलं न्हाई. तू मान न मान, पर त्या दिवशी थोडा तरी देव आला व्हता."

"आला व्हता ना, नाना," रत्नमाला म्हणाली. "तुमच्या वैनीच्या हातात आला व्हता. तुमी कपाळ बघत बसला."

ढोल वाजला, भंडारा उडाला, कळप निघाला. बानाबाईनं काठी घेतली. रत्नमालानं पायांत मऊ तळाचे बूट चढवले. मधे एकदा बसून डावा पाय उघडून बघायचा, कुठं खरचटलं का, असं सिस्टरनी सांगितलं होतं. दोघी निघाल्या. वेशीच्या लिंबापाशी रत्नमाला जराशी थांबली. तिथं दारातली खाट दिसत होती, मोकळी.

मग तिनं वेस ओलांडली.

कापसाच्या रानांमधून, उसाच्या कडेनं, धूळ खात, ऊन खात. पहिल्या तासात पोटऱ्या ओढल्या, दुसऱ्यात सैल झाल्या. दुपारी बांधावर बसून तिनं मऊ भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून खाल्ला. बानाबाई तिच्या मागं येऊन उभी राहिली आणि अंगठा आणि दोन बोटं तिच्या पाठीवर टेकवली. डोळे मिटले.

"काय लागतंय, आत्या?"

"गोधडीतली शिवण," बानाबाई म्हणाली. हात तिनं लगेच उचलला नाही. तिथंच ठेवला, ऊब लागेपर्यंत.

रत्नमालाच्या गळ्याशी आलं ते रडू होतं की गाणं, तिचं तिलाच ठरवता येईना. चालायला लागली तेव्हा ते गाणं निघालं.

माझ्या पाठीचा गं कणा, कसा बाई जाणियेला
हात सासूचा फिरला, जीव माघारी आणियेला

चार बोटांचं पाऊल, गोदाकाठाला उठलं
सासूबाईच्या गुळानं, देणं देवाचं फिटलं

"फिटलं बिटलं काय न्हाई," पुढून बानाबाई ओरडली. ती सत्तरीची बाई कधीच कळपाच्या तोंडाशी पोचली होती. "गाणं मागून म्हण. पाय उचल, रतन. मेंढरं लांब गेली."

आणि रत्नमालानं पाय उचलला.